सातशिक्के काका

१३ जून २०२५, शुक्रवार. वसईतल्या पापडीच्या बाजारात मी सुक्या बोंबलांचा भाव करत होतो. पावसाळ्याची बेगमी करायला तसा उशीरच झाला होता. तेवढ्यात खांद्यावर मागून हात पडला.

"किती घेतोस?"

"एक किलो."

"पाव किलो घे. पुरेल."

"काका, चार महिने काढायचेत."

"चार महिने आहेत असं तुला सांगितलं कुणी?"

त्या दिवशी पहाटे इस्राएलनं इराणवर बॉम्ब टाकले होते. आम्ही ते चहाबरोबर ऐकलं आणि बाजाराला निघालो. काकांनी मात्र चहाही घेतला नव्हता. बायबलमध्ये यहेज्केलच्या अडतिसाव्या अध्यायात इस्राएलवर चालून येणाऱ्या गोगच्या फौजेबरोबर पारस देशाचं नाव आहे, पारस म्हणजे आजचा इराण, म्हणजे आता उरलेलं सगळं रांगेनं होणार, हे त्यांनी मला बोंबील, सोडे आणि जवळा यांच्या साक्षीनं समजावून दिलं. कोळीण मध्येच म्हणाली, "घ्यायचं तर घ्या, नाहीतर वाट सोडा." काकांनी वाट सोडली. तेव्हा मला त्यांच्या हातातली पिशवी दिसली. तिच्यात दोन किलो बोंबील होते.

"हे?"

"तुझ्या काकीसाठी. तिचा विश्वास नाही ना."

सातशिक्के हे काकांचं आडनाव नाही. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, सात शिक्के मारून बंद केलेली एक गुंडाळी आहे. एकेक शिक्का फुटतो तशी जगावर एकेक आपत्ती येते. काकांच्या हिशेबानं सहा फुटले आहेत आणि सातवा कधीही फुटेल. गेली तीस वर्षं तो कधीही फुटेल असाच आहे, म्हणून गावानं हे नाव दिलं. आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. सातशिक्के काका म्हणजे कुणी एक माणूस नव्हे. निर्मळला एक आहेत, नंदाखालला दोन, भुईगावात एक. माणिकपूरच्या एका सोसायटीत तर चेअरमन आणि सेक्रेटरी दोघंही त्याच पंथाचे, त्यामुळे तिथं टेरेसच्या गळतीचं काम 'एवढं बघून मग ठरवू' यावर अडलं आहे. मी या सगळ्यांना एकाच सदऱ्यात घातलं आहे. कुणाला तो आपल्या मापाचा वाटला तर तो निव्वळ योगायोग समजावा.

काकांनी छत्तीस वर्षं चर्चगेटच्या एका कंपनीत हिशेबनीस म्हणून काढली. रोज विरार लोकल. त्या काळात त्यांना जगाच्या अंताबद्दल विचार करायला वेळ नव्हता आणि गरजही नव्हती. शेवटच्या काळात दोघं एका ठिकाणी असतील, त्यातला एक उचलला जाईल आणि दुसरा तिथंच राहील, असं मत्तयच्या चोविसाव्या अध्यायात येशूनं सांगितलं आहे. सकाळी वसई रोडच्या प्लॅटफॉर्मवर काका हे रोज डोळ्यांनी बघत होते आणि बहुतेक वेळा राहिलेला ते स्वतःच असत.

निवृत्त झाल्यावर हिशेबाची सवय सुटेना आणि हिशेब ठेवायला काही उरलं नाही. मग त्यांनी जगाचाच ताळेबंद काढायला घेतला. त्यांच्या घरी फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं सुबोध बायबल आहे, वसईत पुष्कळ घरांत असतं तसं. ग्रंथ किती वाचला गेला ते कडेवरून कळतं. काकांच्या प्रतीची शेवटची पंचवीस पानं बोटांच्या तेलानं काळवंडली आहेत. डोंगरावरच्या प्रवचनाची पानं अशी कोरी करकरीत, की आजच छापखान्यातून आली असावीत. खाली दिब्रिटोंनी मेहनतीनं दिलेल्या टिपा काका वाचत नाहीत. "टिपा म्हणजे पळवाटा," असं ऑडिटचा अनुभव असलेल्या माणसाचं मत आहे.

आता ६६६. हा प्रकटीकरणातल्या पशूचा आकडा. तो मोजायची काकांची पद्धत सोपी आहे. इंग्रजी ए म्हणजे सहा, बी म्हणजे बारा, सी म्हणजे अठरा, असं सहाच्या पाढ्यानं झेडपर्यंत जायचं. या रीतीनं 'कॉम्प्युटर' शब्दाची बेरीज बरोबर ६६६ येते. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री किसिंजर यांच्या आडनावाचीही येते. मी दोन्ही करून पाहिल्या. खरंच येतात, आणि आल्यावर रात्री जरा कसंतरीच होतं. रोनाल्ड विल्सन रेगन या तिन्ही नावांत इंग्रजीत सहा-सहा अक्षरं आहेत. रेगन अध्यक्षपदावरून उतरल्यावर ज्या बंगल्यात राहायला गेले त्याचा नंबर ६६६ होता आणि तो बदलून ६६८ करून घेण्यात आला. म्हणजे एखादा सातशिक्के त्यांच्याही घरात असणार.

मग काका घराजवळ आले. वसई ३१२. विरार ४०८. दोघांची मिळून ७२०, म्हणजे आकडा हद्दीबाहेर. वसई-विरार महानगरपालिका सुटली. पण दोन एल घालून लिहिलेल्या नालासोपाऱ्याची बेरीज त्यांनी केली आणि पेन्सिल खाली ठेवली. ६६०. फक्त सहा कमी. म्हणजे एका ए ची उणीव.

"एखाद्या दिवशी रंगारी पाटी रंगवताना शेवटी एक ए जास्त काढेल," काका हलक्या आवाजात म्हणाले, "आणि संपलं."

मी म्हटलं, "काका, सकाळी साडेआठला नालासोपाऱ्याच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहिलेल्या माणसाला बेरजेची गरज नाही."

त्यांनी ते टिपून घेतलं. त्यांना टोमणा कळत नाही. कळतो तो फक्त संकेत.

आमच्या पॅरिशच्या फादरांनी एकदा त्यांना बसवून शांतपणे सांगितलं. प्रकटीकरण हे पहिल्या शतकाच्या शेवटी, रोमन छळ सोसणाऱ्या आशिया मायनरमधल्या सात मंडळ्यांना धीर देण्यासाठी लिहिलं गेलं. उघड लिहिणं धोक्याचं होतं, म्हणून त्यात खुणेची भाषा आहे. ६६६ म्हणजे नीरो कैसर या नावाची हिब्रू अक्षरांतली बेरीज, असं बहुतेक अभ्यासक मानतात, आणि काही जुन्या हस्तलिखितांत तर हा आकडा ६१६ आहे. काकांनी बाकीचं सगळं ऐकून घेतलं, पण शेवटच्या वाक्यावर ते ताठ झाले.

"पन्नासचा फरक? आणि दोन हजार वर्षं कुणी पकडला नाही?"

आकडा आहे म्हटल्यावर त्याची खूणही असणार. ही खूण उजव्या हातावर किंवा कपाळावर असेल आणि तिच्याशिवाय कुणाला काही विकत घेता येणार नाही की विकता येणार नाही. आधार कार्ड आलं तेव्हा दहा बोटांचे ठसे द्यायचे हे ऐकून काकांनी आधी डावा हात पुढे केला. केंद्रातला मुलगा म्हणाला, "अंकल, दुसरा पण." काका म्हणाले, "तो दुखतोय." दोन वर्षं तो हात दुखत राहिला. गॅसची सबसिडी खात्याला जोडायची वेळ आली तेव्हा काकींनी त्यांना दंडाला धरून केंद्रावर नेलं. कार्ड आता बायबलात, प्रकटीकरणाच्या तेराव्या अध्यायात ठेवलेलं असतं. दोघं एकमेकांवर लक्ष ठेवतील म्हणून. हसू नका. मिझोराममध्येही काही ख्रिस्ती मंडळींनी याच भीतीनं आधारला नकार दिला होता.

२०२० साली तर दुकानाच्या दारातला प्रत्येक वॉचमन कपाळावर पिस्तूल रोखून ताप मोजू लागला. काका त्या वर्षभरात एकाही मॉलमध्ये गेले नाहीत. त्याआधीही कधी गेले नव्हते, पण आता त्याला कारण मिळालं. लस मात्र घेतली, कारण ती डाव्या दंडात देतात. डाव्या दंडाबद्दल ग्रंथात काही नाही.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा गेल्या तेव्हा विकत घेणं आणि विकणं दोन्ही एकदम थांबलं. त्या रात्री काकांची योग्यता गावात फार वाढली. लोक स्वतःहून ओटीवर आले. आठवड्यानं एटीएममध्ये दोन हजाराची नोट आली आणि ओटी पुन्हा ओस पडली. आता कोळणीच्या पाटीवरही क्यूआर कोडचा पत्रा टांगलेला असतो. काका शंभरची नोट काढतात. ती म्हणते, "सुट्टे नाय, स्कॅन करा." मग काका तोंड समुद्राकडे फिरवतात आणि काकी आपल्या फोनवरून पैसे देतात. पशूची खूण घरात आहे, पण ती बायकोच्या नावावर आहे.

काकींबद्दल बोलायलाच हवं, कारण काका जगाचा अंत पाहत बसू शकतात ते काकींच्या जिवावर. वाडीतला सोनचाफा, मोगरा आणि पालेभाजी घेऊन ही बाई अजूनही पहाटेच्या गाडीनं दादरला जाते. तिसऱ्या शिक्क्याबरोबर काळ्या घोड्यावरचा स्वार येतो, त्याच्या हातात तराजू असतो आणि धान्य अतोनात महाग होतं, हे काकांनी तिला २०२३ च्या जुलैत, टोमॅटो दीडशेच्या पुढे गेले तेव्हा सांगितलं. ती पाटी भरत होती. म्हणाली, "मग आज दोन पाट्या नेते. तुमच्या घोड्याला म्हणावं जरा हळू चाल."

२०२२ च्या सप्टेंबरमध्ये टेक्सासहून पाच लाल कालवडी विमानानं इस्राएलला पोचल्या. गणना या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात शुद्धीकरणासाठी निर्दोष लाल कालवड सांगितली आहे, मानेवर कधी जू न पडलेली. यरुशलेमचं मंदिर पुन्हा उभं करू पाहणाऱ्यांना ती हवी आहे. मंदिर उभं राहिलं की पुढचं सगळं ओघानं आलं. ही बातमी जगातल्या कितीतरी सातशिक्क्यांनी वाचली असेल. पण आमचे काका शेतकऱ्याचं पोर. त्यांच्या मनात आलं, टेक्सास कशाला? आपल्याकडे काय लाल कालवडी नाहीत? दुसऱ्या दिवशी सकाळी ते गिरीजच्या वाटेवरच्या एका गोठ्यात हजर. खिशात भिंग. तिथं एक तांबडी कालवड होती. गवळ्याला वाटलं, गिऱ्हाईक आलं. त्यानं आईचं दूध, बापाचं कूळ, सगळं सांगून चाळीस हजार किंमत लावली.

"विकत नको," काका म्हणाले. "फक्त केस बघायचेत."

गवळी चार पिढ्यांचा धंदेवाला, पण नुसते केस बघणारं गिऱ्हाईक त्याच्या आजानंही पाहिलं नसेल. काकांनी शेपटापासून सुरुवात केली. पाऊण तास कालवड शांत उभी राहिली, गवळीच चुळबुळत होता. डाव्या कानामागे तीन केस काळे निघाले. काकांनी सुस्कारा टाकला, कालवडीच्या पाठीवर थाप मारली आणि मला फोन करून सांगितलं, "अजून थोडा वेळ आहे." त्या आवाजातली सुटका मी आजतागायत विसरलो नाही. काकांना जगाचा अंत हवा आहे असं लोकांना वाटतं. मला नाही वाटत. त्यांना तो फक्त सगळ्यांच्या आधी कळायला हवा आहे.

मेणबत्त्यांचं प्रकरण याहून मोठं. आम्हा कॅथलिकांत एक जुनी भविष्यवाणी फिरते, रोमच्या आन्ना मारिया तायगी या एकोणिसाव्या शतकातल्या बाईंच्या नावावर. अंतापूर्वी तीन दिवस जगावर काळोख पडेल. दिवे लागणार नाहीत. जळतील त्या फक्त आशीर्वादित, शुद्ध मधमाशीच्या मेणाच्या मेणबत्त्या. दारं-खिडक्या बंद ठेवायच्या, बाहेर डोकवायचं नाही, आणि कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाही, कारण सैतान ओळखीच्या माणसांचे आवाज काढेल. चर्चनं हे कधी शिकवण म्हणून सांगितलेलं नाही. पण देवळाबाहेर मिळते ती मेणबत्ती पॅराफिनची असते हे काकांना ठाऊक होतं. त्यांनी महाबळेश्वरच्या एका मधवाल्याकडून अस्सल मेण मागवलं, घरीच तुपाच्या पातेल्यात वितळवलं, पपईच्या देठांत ओतून बारा मेणबत्त्या केल्या आणि फादरांकडून आशीर्वाद घेतला. कशासाठी ते सांगितलं नाही. फादरांना वाटलं, नोव्हेनाच्या असतील.

२०१८ च्या जुलैत वसई बुडाली. ज्यांनी ते दिवस काढले त्यांना सांगायला नको. रुळांवर पाणी, गाड्या बंद, मिठागरातली माणसं अडकलेली, आणि वीज गेली ती गेलीच. बाहेर दिवसाही संध्याकाळ. फोन बंद. काकांनी आकाशाकडे एकदा पाहिलं आणि दाराला आडणा घातला. पहिली मेणबत्ती लागली, रोजरी सुरू झाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजारचा मुलगा कमरेभर पाण्यातून दुधाची पिशवी डोक्यावर धरून आला.

"काका, दार उघडा! दूध आणलंय!"

आतून 'नमो मरिया'चा आवाज वाढला.

"काका, मी आहे!"

"तू नाहीस!" काका आतून ओरडले.

पोरगा गोंधळला. पाण्यात उभं राहून आपण आपण आहोत हे कसं सिद्ध करायचं, असा प्रश्न वसईत याआधी फक्त तलाठी कार्यालयात पडत असे. त्यानं आईचं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, दहावीचे टक्के सांगितले. काका म्हणाले, सैतानाला सगळं माहीत असतं. शेवटी काकी उठल्या. "दहावीचे एवढे कमी टक्के सैतान कशाला सांगेल?" म्हणाल्या आणि आडणा काढला. दाराबरोबर दोन वीत पाणीही आत आलं आणि तीन मेणबत्त्या पेटत्या पेटत्या घरभर तरंगू लागल्या. उरलेल्या नऊ मेणबत्त्यांचं काकींनी नंतर कोकमतेलात कढवून टाचांच्या भेगांसाठी मलम केलं. आळीतल्या अर्ध्या बायकांच्या टाचा त्या वर्षी आशीर्वादित होत्या.

काकांना हे सगळं पुरवतं कोण? एकेकाळी पुस्तकं होती. १९७० साली अमेरिकेत हॅल लिंडसी यांचं एक पुस्तक आलं, त्याच्या लाखो प्रती खपल्या. त्याची एक मळकी प्रत कुणीतरी चर्चगेटच्या फुटपाथवरून आणलेली वसईत फिरत होती. आता यूट्यूब आहे. पण यात एक गोची आहे आणि ती काकांच्या ध्यानात येत नाही. काका कट्टर कॅथलिक, रोज मिस्सा चुकवत नाहीत, आणि हे भविष्यवेत्ते बहुतेक अमेरिकेतले प्रॉटेस्टंट. एकदा काकांनी अशाच एका पास्टरांचा तासाभराचा व्हिडिओ पॅरिशच्या ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, 'प्रत्येकाने शेवटपर्यंत पाहावा.' स्वतः पाहिली होती पहिली दहा मिनिटं. चाळिसाव्या मिनिटाला पास्टर सात टेकड्यांवर बसलेल्या बाईवर आले, मग सात टेकड्यांच्या रोम शहरावर, आणि मग ख्रिस्तविरोधी कोण, तर पोपच, असं त्यांनी पुराव्यानिशी सांगितलं. ग्रुपवर फादर होते, दोन सिस्टर होत्या आणि बिशप हाऊसमध्ये काम करणारा एक जण होता. त्या दिवशी ग्रुपवर एवढी शांतता होती, की सातव्या शिक्क्यानंतर स्वर्गात अर्धा तास जी शांतता होते म्हणतात, ती हीच असावी. संध्याकाळी फादरांनी एकच ओळ टाकली: 'उद्या मिस्सानंतर भेटा.'

पोपवरून आठवलं. संत मलाखीच्या नावावर पोपांची एक यादी आहे. ती छापली गेली १५९५ साली. तिच्यात एकशे बारा पोप आहेत आणि शेवटचा 'रोमी पेत्र'. त्याच्यानंतर सगळं खलास. पोप फ्रान्सिस २१ एप्रिल २०२५ ला वारले तेव्हा ते एकशे बारावे होते की नाहीत, यावर काकांनी पंधरा दिवस घालवले. ८ मे ला नवे पोप निवडले गेले, नाव घेतलं लिओ चौदावे. पेत्र कुठंच नाही. काका रात्री उशिरापर्यंत जागे होते. सकाळी मेसेज आला: 'मूळ आडनाव प्रिव्होस्ट. इंग्रजी पी ने सुरू. पेत्रही पी नेच.' मी उत्तर दिलं, 'पापडीही.' त्यांनी आनंदानं अंगठा पाठवला. उजव्या हाताचा.

तारखा चुकतात याचं काकांना दुःख नाही. अमेरिकेत विल्यम मिलर यांचे हजारो अनुयायी २२ ऑक्टोबर १८४४ ला येशूची वाट पाहत बसले आणि सकाळी घरी गेले. १९८८ साली एका निवृत्त इंजिनिअरनं अंत त्याच वर्षी का होणार याची अठ्ठ्याऐंशी कारणं छापली. हॅरॉल्ड कॅम्पिंग यांनी २१ मे २०११ ही तारीख दिली, ती चुकल्यावर ऑक्टोबर दिला. आयझॅक न्यूटनसारख्या माणसानंही हिशेब मांडून २०६० च्या आधी अंत नाही असं लिहून ठेवलं. "बघ," काका म्हणतात, "न्यूटन!" मी सांगतो, त्यानं ते लिहिलं ते तारखा देणाऱ्यांची तोंडं बंद व्हावीत म्हणून. काका म्हणतात, "म्हणजे २०६० नक्की."

खुद्द वसईवर त्यांचा एक स्वतंत्र सिद्धांत आहे, आणि तो मला मनापासून आवडतो. १५ मे १६१८ ला वसईवर असं वादळ आलं, की समुद्र शहर गिळणार, जग आता संपतंय, असं लोकांना वाटलं. ठाण्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये त्याचं वर्णन आहे. पुढे मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला आणि पोर्तुगीजांचं जग खरोखरच संपलं. दोन्ही मे महिन्यात. मध्ये १२१ वर्षं, म्हणजे अकरा गुणिले अकरा. त्यात आणखी १२१ मिळवले की १८६०.

"१८६० ला काय झालं?" मी विचारलं.

"रेल्वे आली."

"वसईवरून मुंबईला गाडी सुरू झाली १८६४ ला."

काका क्षणभर थांबले. "चार वर्षं लेट," ते म्हणाले. "वेस्टर्न लाइन आहे."

एवढ्या चांगल्या माणसाशी माझं एकदाच वाजलं. युफ्रेटिस नदी आटेल, असं प्रकटीकरणात आहे. ती आटतेही आहे; वर तुर्कस्ताननं धरणं बांधली आहेत आणि पाऊसही दगा देतो. काका तिचे उपग्रहावरून काढलेले फोटो महिन्या-महिन्याला डाउनलोड करतात आणि पात्राची रुंदी फूटपट्टीनं मोजतात. एका संध्याकाळी ते मला हे दाखवत होते आणि आम्ही बसलो होतो ती जागा म्हणजे त्यांच्या वाडीतलं बावखल होतं. होतं म्हणजे पूर्वी होतं. पावसाचं पाणी धरणारं, वाडीतल्या विहिरींना उन्हाळाभर गोड ठेवणारं, चारी बाजूंनी माड असलेलं. मी पोहायला शिकलो तो त्याच्यात. १९८९ च्या सुमाराला दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीची माणसं टँकर आणि बिल्डर यांच्याविरुद्ध रस्त्यावर उतरली, तेव्हा काकाही मोर्चात होते. पुढे चुलतभावांत वाटण्या झाल्या, भरावाचे डंपर आले, आणि आता तिथं पेव्हर ब्लॉक आहेत. विहिरीचं पाणी मचूळ झालं. काकी चहाला बाटलीचं पाणी वापरतात.

मी म्हटलं, "काका, हे कुठल्या शिक्क्यात येतं?"

ते काही बोलले नाहीत. फूटपट्टी खिशात घातली. मग म्हणाले, "त्यात भविष्यवाणी नव्हती रे. त्यात माझी सही होती."

मी पुन्हा कधी विचारलं नाही.

दरवर्षी नोव्हेंबर आला की काका तरतरीत होतात. दोन तारखेला मृतांचा दिवस, मग महिन्याच्या मध्याला ख्रिस्तराजाच्या सणाआधीच्या रविवारी शेवटच्या काळाचं वाचन. तो दिवस कुणालाच ठाऊक नाही, पुत्रालाही नाही, फक्त पित्याला, असं येशूनं स्वतःच म्हटलंय, याची फादर दरवर्षी प्रवचनात आठवण करून देतात आणि दरवर्षी पहिल्या बाकाकडे बघतात. काका पहिल्या बाकावर असतात. मान डोलावतात.

गेल्या नोव्हेंबरात कबरी साफ करायला आम्ही दोघं दफनभूमीत गेलो होतो. आमच्याकडे जागा अपुरी, त्यामुळे काही वर्षांनी तीच कबर पुन्हा वापरतात. काका मात्र फाटकाजवळच्या कोपऱ्यात पावलांनी जागा मोजत होते. कायमची कबर हवी, असा अर्ज त्यांनी पॅरिश ऑफिसात दिला होता.

"काका, जग संपणार, आणि तुम्हाला कायमची जागा कशाला?"

"संपणार म्हणूनच तर. त्या दिवशी सगळे एकदम उठणार. चारशे वर्षांची माणसं आहेत इथं. गर्दीचा विचार कर." त्यांनी फाटकाकडे बोट दाखवलं. "छत्तीस वर्षं विरार गाडी केली मी. आत अडकलेल्याला उतरता येत नाही. दाराजवळ असलेलं बरं."

अर्ज अजून ऑफिसात आहे. मी चौकशी केली. दाराजवळच्या जागेसाठी आधीचे अकरा अर्ज पडून आहेत.